हरळी मरत नाही, मग आमचं मैदान का मेलं?

शेतात खुरपत असाल, चुलीपुढं असाल किंवा गटाची बैठक आटोपून घरी निघाला असाल, जिथं असाल तिथून दहा-पंधरा मिनिटं आमच्यासाठी काढा. आज गवताबद्दल बोलायचं आहे. जनावराच्या वैरणीबद्दल नाही, मैदानावरच्या गवताबद्दल. तुम्ही म्हणाल, "बाई, इथं प्यायला टँकर येतो आणि ह्या हिरवळीच्या गप्पा मारायला लागल्या." थांबा जरा. आमच्या सासवा, जावा, नवरे सगळे हेच म्हणाले होते, आणि पहिल्या वर्षी त्यांचंच खरं झालं.

आम्ही माणदेशातल्या एका गावच्या बचत गटातल्या बाया. गटात बारा जणी. गावात जिल्हा परिषदेची शाळा, शाळेपुढं मोठं मैदान. मैदान कसलं, मुरमाचा माळच. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात निसरडं. पोरं कबड्डी खेळून आली की गुडघे सोललेले. आणि रोज पहाटे पोलीस भरतीच्या तयारीला गावातल्या सात-आठ पोरी तिथंच धावायच्या. आठशे मीटरचा सराव दगडासारख्या जमिनीवर. नडगीची हाडं दुखतात म्हणून दोघींनी सराव सोडला. आपल्याच तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मग आपल्या पोरींना धड पळायला जमीन नसावी? गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तो असा.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारी अखेरीस आम्ही गटाच्या बचतीतले चौदा हजार रुपये काढले आणि एका नर्सरीतून लॉनची तयार कार्पेटं आणली. शाळेच्या दारापुढच्या एका गुंठ्यावर अंथरली. आठ दिवस काय शोभा होती म्हणून सांगू! गुरुजींनी फोटो काढले. एप्रिलमध्ये कडा वळायला लागल्या, मेमध्ये सगळं वाळून कोळ झालं. हाताने उचललं तर चटईसारखं उचलून आलं. मुळं जमिनीत गेलीच नव्हती.

पैसे गेले ते गेलेच, पण गटात फूट पडायची वेळ आली. आमच्यातल्या एका वहिनीने त्याच महिन्यात मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी कर्ज मागितलं होतं आणि "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून आम्ही तिला थांबवलं होतं. बैठकीत ती एवढंच म्हणाली, "माझ्या पोरीची फी तुम्ही मातीत घातली." त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

गप्प बसलेल्या आक्का मग बोलल्या. वय सत्तर, शाळा पाहिलेली नाही. म्हणाल्या, "अगं, बांधावरची हरळी जन्मभर खणतोय आपण. खणून वर टाकली तरी पावसाला उठून बसती. ती मरत नाही, आणि इकत आणलेलं गवत मरतंय. ह्याचा अर्थ काय?"

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे शिकलो, ते आज तुमच्यापुढं मांडतोय. कृषी सहाय्यकांना विचारलं, कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आलो, आणि शहरातल्या एका क्रिकेट मैदानावर आयुष्य काढलेले एक निवृत्त माळीकाका पाहुणे म्हणून गावात आले होते, त्यांना चहाला बसवून दोन तास प्रश्न विचारले.

हरळी चिवट का असते?

हरळी म्हणजेच गणपतीला वाहतो ती दूर्वा. जगभर उष्ण देशांतल्या मैदानांवर हीच लावतात. तिच्या चिवटपणाची कारणं तीन.

पहिलं कारण, तिचा जीव खाली असतो. तूर किंवा कापसाचा शेंडा खुडला तर तिथली वाढ थांबते, कारण वाढीचा कोंब वर टोकाला असतो. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत, बुडख्यात असतो. म्हणून शेळीने वरून खाल्लं, विळ्याने कापलं, पायाखाली तुडवलं, तरी बुडखा शाबूत असला की पान पुन्हा वर येतं.

दुसरं कारण, तिच्या दोन तिजोऱ्या. एक जमिनीवर सरपटत धावणाऱ्या काड्या, प्रत्येक पेराला मुळं फुटणाऱ्या. दुसरी जमिनीखालच्या पांढऱ्या, टणक काशा. नांगरटीनंतर आपण ज्या वेचून वेचून कंबर मोडून घेतो त्याच. ह्या काशा म्हणजे हरळीचं बचत खातं. पानाने उन्हात तयार केलेलं अन्न तिथं साठतं. दुष्काळ आला की वरचं पान वाळतं, पण खातं शिल्लक असतं. पाऊस पडला की त्यातून पैसे काढून ती नवं पान उभं करते. आपण संकटात गटाच्या बचतीकडे वळतो तसंच.

तिसरं कारण, पाणी वापरण्याची रीत. पानाला बारीक छिद्रं असतात. त्यातून हवा आत येते, पण त्याच वाटेने पाणीही उडून जातं. गहू, भात यांना अन्न बनवायला ही छिद्रं जास्त वेळ उघडी ठेवावी लागतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि हरळी यांच्या पानात हवेतला कार्बन डायऑक्साइड आत गोळा करून ठेवायची वेगळी सोय असते. त्यामुळे कमी पाण्यात जास्त अन्न तयार होतं, तेही कडक उन्हात. म्हणून हरळी सत्तावीस ते पस्तीस अंश तापमानात जोमाने वाढते आणि थंडीत मंदावते. म्हणजे आपली बाजरी आणि आपली हरळी एकाच वळणाच्या.

बाजरीवरून आठवलं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिथं ग्लेन बर्टन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी साधी हरळी आणि आफ्रिकेतली बारीक पानाची हरळी यांचा संकर करून मैदानांसाठी नव्या जाती काढल्या. १९५६ ची टिफग्रीन आणि १९६० ची टिफवे ही त्यांतली दोन नावं. ह्या संकरित जातींना उगवणारं बी येत नाही, त्या काडीनेच लावाव्या लागतात. ह्याच बर्टन यांनी बाजरीचा टिफ्ट २३ ए नावाचा एक वाण तयार केला होता. तो वापरून लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात भारतातली पहिली संकरित बाजरी, एच. बी. १, तयार झाली आणि १९६५ साली शेतकऱ्यांना मिळाली. उत्पन्न खूप वाढलं. पण सगळीकडे एकाच रक्ताची बाजरी झाली, आणि १९७० च्या दशकात गोसावी रोग आला तेव्हा शेतंच्या शेतं बसली. ह्यातून आम्ही एक धडा घेतला. विकत आणलेलं, एकसारखं, देखणं वाण म्हणजे टिकाऊ वाण नव्हे. आपल्या मातीत, आपल्या उन्हात वर्षानुवर्षं तगून राहिलेलं रोप आधी बघावं.

मग आमचं गवत मेलं कशाने?

माळीकाकांनी जमिनीत सळई खुपसून बघितली. दोन बोटंसुद्धा आत जाईना. मग त्यांनी आमच्या चुका एकेक करून मोजल्या.

एक, जमीन दाबलेली. चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा मातीच्या कणांची असते, उरलेली निम्मी पोकळी. त्या पोकळीत अर्धं पाणी, अर्धी हवा. मुळांनाही श्वास लागतो. आमच्या मैदानावर वर्षानुवर्षं पाय, सायकली, जत्रेतले ट्रॅक्टर फिरलेले. पोकळी चेपून गेली. पाणी टाकलं तर वरच्या वर वाहून जायचं, आणि मूळ खाली जायचं म्हटलं तर भिंतच.

दोन, माती बदलली. कार्पेट काळ्या चिकट मातीत वाढवलेलं होतं. आम्ही ते सरळ मुरमावर अंथरलं. चिकट मातीच्या थरातलं पाणी खाली मुरमात सहज उतरत नाही, आणि मुळंही ओलीतच राहतात. दोन्ही मातीची ओळख करून द्यायला मधे भुसभुशीत थर लागतो.

तीन, वेळ चुकली. कार्पेट उचलताना त्याची बरीचशी मुळं कापली जातात. तयार मुळं नसलेलं रोप आम्ही मार्च-एप्रिलच्या उन्हात उभं केलं. ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला नेण्यातला प्रकार.

चार, रोज थोडं थोडं पाणी. हे ऐकून आम्हाला आश्चर्य वाटलं, कारण आम्ही पाळ्या लावून रोज संध्याकाळी पाणी मारत होतो. पण रोज वरची बोटभर माती ओली केली की मुळं वरच राहतात. त्यांना खाली जायचं कारणच उरत नाही. मग दोन दिवस पाणी चुकलं की झालं. मुळं खोल न्यायची तर पाणी एकदाच भरपूर द्यावं, वीतभर माती ओली होईल इतकं, आणि मग गवत मागेल तेव्हाच पुन्हा द्यावं.

गवत मागतं ते कळतं कसं? सकाळी त्यावरून चालत जा आणि मागं वळून बघा. दाबलेली पाती लगेच उभी राहिली तर पाणी आहे. पावलांचे ठसे तसेच राहिले, पाती दुमडलेली दिसली, रंग करडा-निळसर झाला, तर पाणी द्यायची वेळ झाली. मीटर नको, मशीन नको.

पाच, सावली. आमच्या एका गुंठ्यातला निम्मा भाग लिंबाच्या झाडाखाली होता. मैदानावरच्या गवताला सहा-सात तास तरी थेट ऊन लागतं, नाहीतर पान लांबुडकं, पातळ होतं आणि पायाखाली टिकत नाही. झाडाखाली गवताचा हट्ट धरू नये. तिथं पार बांधावा, पोरांना बसायला.

सहा, विश्रांती नाही. आठव्या दिवशी पोरं त्यावर कबड्डी खेळत होती. आणि सातवी चूक आमच्या हातची. पिवळं पडतंय म्हणून घाबरून आम्ही युरिया टाकला, तोही मुठीने, कोरड्या जमिनीवर. युरियात ४६ टक्के नत्र असतं. मुळं नसलेल्या, तहानलेल्या रोपावर तो पडला की रोप जळतं.

हे सगळं ऐकल्यावर आम्ही नर्सरीवाल्याला दिलेल्या शिव्या निम्म्या परत घेतल्या. निम्म्या ठेवल्या, कारण "उन्हाळ्यात लावू नका" एवढं एक वाक्य त्याने सांगायला हवं होतं.

दुसरा डाव

ह्या वेळी आधी जमीन बघितली. दोन सोप्या परीक्षा तुम्हीही करू शकता. पहिली बरणीची. काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर. झाकण लावून खूप हलवा आणि दिवसभर ठेवून द्या. तळाला वाळू बसते, मधे पोयटा, वर चिकणमाती. कशाचं प्रमाण किती ते डोळ्यांना दिसतं. दुसरी डब्याची. दोन्ही बाजू कापलेला तेलाचा डबा दोन-तीन बोटं जमिनीत दाबून बसवा, त्यात तांब्याने पाणी ओता आणि किती वेळात जिरतं ते बघा. आमच्या मैदानावर तासाभरानेही पाणी तसंच उभं होतं.

ग्रामपंचायतीने ट्रॅक्टर दिला. मेच्या शेवटी दहा गुंठे जागा, म्हणजे चाळीस मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद, वीतभर खोल उकरून घेतली. त्यात पाझर तलावातला गाळ आणि चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत मिसळलं. नुसत्या मुरमात पाणी थांबत नाही आणि नुसत्या गाळात हवा खेळत नाही, दोन्ही मिळून काम होतं. एका बाजूला हलका उतार ठेवला, पंचवीस मीटरला साधारण वीतभर, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही आणि माती वाहूनही जाणार नाही.

मग जूनच्या पावसाची वाट बघितली. पहिल्या पावसाने जमिनीतलं सगळं तण उगवून आलं. तेवढ्यासाठीच थांबलो होतो. गाजर गवत फुलायच्या आत उपटलं, हातमोजे घालून, कारण त्याने अंगाला खाज सुटते. लव्हाळा मात्र नुसता उपटून चालत नाही. खाली गाठी राहतात आणि एकाचे चार होतात. तो खुरप्याने गाठीसकट खणून काढला. लागवडीनंतर लव्हाळा काढणं फार अवघड, म्हणून हा महिना वाया गेला असं समजू नका.

जुलैत दोन चांगले पाऊस झाल्यावर आम्ही आमच्याच बांधावर गेलो. जन्मभर जिला शिव्या दिल्या तीच हरळी खणून आणली. आख्खा गाव हसला. "आता गाजर गवताचीबी लागण करा," म्हणाले. आम्ही दोन-तीन पेरांच्या काड्या तोडल्या, ओल्या पोत्यात ठेवल्या आणि त्याच दिवशी लावल्या. एक पेर तरी जमिनीत आणि थोडं पान वर, अंतर वीतभर. हिशोब केला तर चौरस मीटरला पंचवीस काड्या, म्हणजे दहा गुंठ्यांना पंचवीस हजार! आम्ही बारा जणी आणि ग्रामसंघातल्या दुसऱ्या गटांच्या बाया, तीन दिवसांत झालं. चुकले, चौथ्या दिवशी सकाळी राहिलेला कोपरा पूर्ण केला. काडीला एक पैसा लागला नाही.

लावल्यावर हलका रूळ फिरवला, म्हणजे काडी मातीला चिकटून बसते. पहिले पंधरा दिवस पाऊस नसला तर वरची माती ओली ठेवावी लागते, इथं थोडं थोडं पाणीच चालतं, कारण अजून मुळं फुटायची असतात. मुळं धरली की वर सांगितलेला नियम लागू. नवरात्रापर्यंत जमीन झाकली गेली. तोवर मैदानावर कुणाला पाय ठेवू दिला नाही. पोरांनी कुरकुर केली, गुरुजींनी पाठीमागची जागा दिली.

राखायचं कसं?

लावणं हे बाळंतपण, राखणं हा संसार. थोडक्यात सांगतो.

कापणी. एका वेळी पानाचा तिसरा हिस्सा कापावा, त्याहून जास्त नाही. पान हे रोपाचं स्वयंपाकघर. सगळं एकदम कापलं तर रोप काशांमधली बचत मोडून खातं आणि मुळांची वाढ थांबते. आम्ही चार सेंटिमीटर उंची ठेवतो, म्हणजे सहावर गेलं की कापायचं. पावसाळ्यात हे लवकर लवकर येतं, थंडीत क्वचितच. आधी विळ्याने करायचो, आता ग्रामपंचायतीचं हाताने ढकलायचं यंत्र आहे. कापलेलं गवत पाळीने एकेकीच्या शेळ्यांना जातं. शेळ्या मैदानावर सोडत नाही, ओल्या जमिनीत खुरांनी माती दाबली जाते.

खत. पावसाळ्यात दोनदा, गुंठ्याला अर्धा किलो युरिया, पाऊस येऊन गेल्यावर वाळलेल्या पानावर सारखा पसरून, आणि लगेच पाणी. एवढ्यावर भागतं. जास्त हिरवं म्हणजे जास्त निरोगी असं नाही. नत्र फार झालं की पान वाढतं आणि मूळ मागे राहतं, मग पाणीही जास्त लागतं. वर्षातून एकदा चाळलेली माती आणि शेणखत पातळ पसरतो. एक ब्रास दहा गुंठ्यांवर पसरलं तर थर तीन मिलिमीटरही भरत नाही, म्हणजे गवत गाडलं जात नाही.

जमीन मोकळी करणं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. पाय पडले की जमीन पुन्हा दाबली जाणारच. वर्षातून दोनदा, जमीन ओलसर असताना, चिखल असताना नव्हे, शेतीच्या काटेरी पंजाने किंवा पहारीने बोटभर जाड, वीतभर खोल भोकं पाडतो. जिथं कबड्डी होते तिथं जास्त. त्यात चाळलेली वाळू-माती झाडून घालतो. ह्याच भोकांतून हवा, पाणी आणि मूळ खाली जातं.

पाळीपाळीने वापर. कबड्डीचं आखणं दर तीन आठवड्यांनी सरकवतो. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी मैदान बंद. ओल्या मातीवर एका तासात होणारं नुकसान कोरड्या मातीवर महिनाभरात होत नाही.

हुमणी. उसात, भुईमुगात आपण हिला ओळखतो. गवताचा एखादा पट्टा पाणी असूनही सुकतोय आणि धरून ओढल्यावर गोधडीसारखा उचलून येतोय, तर खाली पांढऱ्या अळ्या मुळं खात असतात. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे लिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. हे काम पोरं आनंदाने करतात.

आणि एक सावधगिरी. हरळी ती हरळीच. मैदानाच्या ज्या बाजूला शेत आहे, तिथं फूटभर खोल चर ठेवलाय आणि त्यात आलेल्या काड्या कापत राहतो. खणलेल्या काशा उकिरड्यात टाकू नका, खताबरोबर शेतात जातील आणि शेजारीण भांडायला येईल.

आणि पाणी?

आता तुमच्या मनातल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा गुंठ्यांना एकदा खोल पाणी द्यायचं, पंचवीस मिलिमीटर, तर पंचवीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे अडीच टँकर. ज्या गावात बायका मे महिन्यात हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात, तिथं गवतावर अडीच टँकर ओतणं हे पाप आहे, असं आम्ही बैठकीत ठरवलं. मग मैदान मरू द्यायचं?

नाही. झोपू द्यायचं. हिरवं असणं आणि जिवंत असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरळी पाणी संपलं की पान वाळवते आणि काशांमध्ये जीव राखून झोपते. मूळ खोल गेलेलं असेल तर ती उन्हाळा काढते. एप्रिलपर्यंत शाळेतल्या पोरांनी हात धुतलेलं पाणी चर काढून एकेका पट्ट्याला सोडतो. शंभर-सव्वाशे पोरं, रोजचं तीनशे-साडेतीनशे लिटर होतं. शाळेला सुट्टी लागली की तेही बंद. मात्र झोपलेल्या गवतावर खेळ नाही. पान नसताना बुडखा तुडवला तर त्याला भरून काढायला काही उरत नाही. मे महिन्यात पोरी रस्त्याने धावतात, मैदान सुट्टीवर.

पहिल्या उन्हाळ्यात मैदान पिवळं पडलं तेव्हा खरं सांगायचं तर आमचे पाय गळाले. पुन्हा तेच, असं वाटलं. फीवाल्या वहिनी रोज संध्याकाळी जाऊन एक काडी खणून बघायच्या. काशी मोडली की आत पांढरी, ओलसर. "जित्ती हाय," म्हणायच्या. जूनच्या दुसऱ्या पावसानंतर आठ दिवसांत मैदानावर पोपटी झाक आली. त्या दिवशी गटात साखर वाटली.

भाद्रपदात चतुर्थीच्या आधी आम्ही मैदानाच्या कडेचा, कुणी न तुडवलेला एक पट्टा पंधरा दिवस कापत नाही. तिथं तीन पानांची कोवळी दूर्वा येते. एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून तालुक्याच्या बाजारात विकतो. दोन वर्षांत त्यातून पाच हजारांच्या वर जमले. बुडालेले चौदा हजार अजून पूर्ण भरून निघालेले नाहीत. वहिनींना कर्ज त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलं, पण तोवर पहिल्या फेरीचा प्रवेश हुकला होता आणि मुलीचं एक वर्ष गेलं. ती आता शिकते आहे. तरी ते वर्ष आमच्या खात्यावर आहेच. म्हणून तुम्हाला सांगतो, असं काही करायचं तर आधी एका खाटेएवढ्या तुकड्यावर करून बघा, एक उन्हाळा जाऊ द्या, मग गटाच्या पैशाला हात घाला.

पोरी पहाटे धावतात. मागच्या भरतीत एकीची निवड झाली. ती मैदानामुळे झाली असं आम्ही म्हणणार नाही, मेहनत तिची. पण नडगी दुखते म्हणून सराव सोडलेल्या दोघी परत आल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

आमच्या गटाच्या इतिवृत्तात आता एक ठराव कायमचा लिहून ठेवलाय, पुढं आमच्या जागी ज्या येतील त्यांच्यासाठी. "मे महिन्यात मैदान पिवळे पडेल. घाबरू नये. टँकर मागवू नये. काशी मोडून बघावी."

येतो तर मग मैत्रिणींनो. तुमच्या गावातही मैदान असेल, शाळा असेल आणि हरळी तर असणारच. पुढच्या बैठकीत एक बरणी आणि एक तेलाचा डबा घेऊन जमिनीकडे जाऊन या. काय दिसलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.